विमानाचे अंतर आणि वेळ : गैरसमज आणि वस्तुस्थिती

देगलूरहून परदेशी निघालेल्या माणसाला मुंबईपेक्षा हैदराबादचा विमानतळ कितीतरी जवळ. मुलगा किंवा भाऊ पहिल्यांदा दुबईला जाणार असला, की घरात तिकीट हातात घेऊन हिशेब सुरू होतो. हा हिशेब नेमका कुठे चुकतो, ते पाहू.

गैरसमज १ : उतरण्याच्या वेळेतून निघण्याची वेळ वजा केली, की प्रवासाचा वेळ कळतो.

वस्तुस्थिती : तिकिटावर प्रत्येक ठिकाणची तिथली वेळ छापलेली असते. दुबईचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. हैदराबाद–दुबई हवाई अंतर सुमारे अडीच हजार किलोमीटर आणि वेळ चार तासांच्या आसपास. सकाळी १० वाजता निघालेले विमान तिथल्या साडेबाराला उतरते. वजाबाकी अडीच तास येते. तिच्यात दीड तास मिळवायला हवा. परतीच्या तिकिटात तोच दीड तास कमी करायचा.

गैरसमज २ : नकाशावरची सरळ रेघ म्हणजे सर्वांत जवळचा मार्ग.

वस्तुस्थिती : पृथ्वी गोल आहे, नकाशा सपाट. भिंतीवरच्या नकाशात मुंबई–न्यूयॉर्क रेघ सहारा वाळवंटावरून जाते. प्रत्यक्षात सर्वांत जवळचा मार्ग उत्तरेकडे वळून आइसलंड आणि ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून जातो. तो सुमारे साडेबारा हजार किलोमीटर भरतो, म्हणजे त्या रेघेपेक्षा दीड हजार किलोमीटरहून अधिक कमी.

गैरसमज ३ : पृथ्वी पूर्वेकडे फिरते, म्हणून पश्चिमेला जाणारे विमान लवकर पोहोचते.

वस्तुस्थिती : हवाही पृथ्वीबरोबरच फिरते. धावत्या रेल्वेत उडी मारली तरी आपण त्याच जागी उतरतो, तसेच हे. फरक पडतो तो वाऱ्यामुळे. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. म्हणून अमेरिकेला जाताना जास्त वेळ लागतो आणि येताना कमी.

गैरसमज ४ : अंतर कमी, तर वेळही कमीच.

वस्तुस्थिती : २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेले. अंतर सुमारे १,४०० किलोमीटरने वाढले, तरी वारा पाठीशी असल्यामुळे प्रवास जवळजवळ दोन तासांनी घटला. उलट, एखाद्या देशाने आपली हवाई हद्द बंद केली, की वळसा घ्यावा लागतो. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हद्द बंद केल्यावर उत्तर भारतातून पश्चिमेकडे जाणाऱ्या अनेक विमानांचा वेळ वाढला.

गैरसमज ५ : विमान चार तासांचे, म्हणजे प्रवास चार तासांचा.

वस्तुस्थिती : देगलूरहून राष्ट्रीय महामार्ग १६१ ने संगारेड्डी आणि पुढे बाह्यवळण रस्त्याने शमशाबादचा विमानतळ, हे अंतर दोनशे किलोमीटरच्या आसपास. त्याला चार तास धरा. परदेशी विमानासाठी तीन तास आधी पोहोचावे लागते. वाटेतल्या खोळंब्यासाठी आणखी एक तास हाताशी ठेवा. म्हणजे विमानाच्या आठ तास आधी घर सोडायचे.

मध्यरात्रीनंतरचे विमान असेल, तर तारीख दोनदा तपासा. तिकिटावर १५ तारीख आणि रात्रीचे सव्वाबारा असतील, तर १४ तारखेला दुपारी चारलाच देगलूर सोडायला हवे.