ना चेन, ना बेल्ट!

जुन्या पिकअपचा विषय निघाला की मला फोर्डचं '३००' आठवतं. ४.९ लिटरचं, एका रांगेत सहा सिलिंडरचं हे पेट्रोल इंजिन अमेरिकेत १९६५ पासून १९९६ पर्यंत एफ-सीरिजच्या पिकअपमध्ये बसत होतं. ताकद बेताचीच, शेवटच्या काळातही १५० हॉर्सपॉवर. पण ओढ कमी आरपीएमलाच मिळायची, त्यामुळे इंजिन पिळावं लागत नसे आणि झीज कमी. क्रँकशाफ्टला सात मेन बेअरिंग. कॅमशाफ्ट थेट गिअरवर फिरतो, म्हणजे चेन सैल होणं किंवा बेल्ट तुटणं ही भानगडच नाही! हलक्या मॉडेलांत मात्र कॅमचा गिअर फायबरचा असे. जुनी गाडी घेताना तो बदललाय का, हे आधी विचारा.

कोणतीही जुनी पिकअप पाहायला जाल तेव्हा इंजिन थंड असतानाच जा. मालकाने आधीच गरम करून ठेवलं असेल, तर मला तिथेच शंका येते. चालू इंजिनचं ऑइलचं झाकण उघडा. धूर भसाभसा येत असेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्या समजा. रेडिएटरचं झाकण मात्र थंड असतानाच उघडायचं. पाण्यावर तेलाचा तवंग दिसला, तर हेड गॅस्केटचा खर्च धरूनच भाव करा.