नळातून फेसच का येतो?

अमेरिकेत घरी बिअर बनवणारे बरेचजण ती बाटल्यांऐवजी केगमध्ये (दाब सोसणाऱ्या स्टीलच्या पिंपात) भरतात. हे १९ लिटरचे केग मुळात शीतपेयांसाठी बनलेले. पहिल्याच जोडणीत ग्लासभर फेस आला की वाटते, बिअर ढकलणाऱ्या वायूचा दाब जास्त झाला. असे वाटणे स्वाभाविक आहे, पण बहुधा केगपासून नळापर्यंतची नळी आखूड असते.

सोड्याच्या बाटलीचे झाकण झटकन उघडले तर फेस उसळतो. हळूहळू सैल केले तर वायू शांतपणे निघतो. लांब, अरुंद नळी हेच करते: घर्षणाने दाब वाटेतच उतरवते.

३-४ अंश सेल्सिअसला १० ते १२ पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पौंड) दाब असेल, तर ५ मिलिमीटर आतील व्यासाची साधारण ३ मीटर नळी घ्यावी. जरा जास्तच घ्या. नंतर कापता येते. नळी न बदलता पिंपातलाच दाब उतरवला, तर विरघळलेला कार्बन डायऑक्साइड नळीतच सुटून उलट फेस वाढतो आणि काही दिवसांत पिंपातल्या बिअरचा चुरचुरीतपणाही कमी होतो.

फक्त पहिलाच ग्लास फेसाळत असेल, तर केग थंड फ्रिजमध्ये असला तरी फ्रिजबाहेरचा नळ गरम असतो, एवढेच.