वाळूची वारी

ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर, सिडनीहून उत्तरेला निघालं की समुद्राला चिकटून छोटी छोटी गावं लागतात. यांबा, लेनॉक्स हेड, बायरन बे, ब्रन्सविक हेड्स, आणि क्वीन्सलंडची हद्द ओलांडल्यावर कूलंगट्टा, नूसा. इथं लोक अनवाणी बेकरीत शिरतात आणि सर्फबोर्ड काखेत मारून रस्ता ओलांडतात. फिश अँड चिप्सचा पुडा उघडला की सीगल हक्काने शेजारी येऊन उभे राहतात. करण्यासारखं फारसं काही नाही, आणि तेवढ्याचसाठी लोक येतात.

ज्या वाळूवर टॉवेल पसरून आपण आडवे होतो, ती वाळू मात्र सुट्टीवर नाही. ती चालली आहे. उत्तरेकडे, रात्रंदिवस, हजारो वर्षं.

तिच्या चालीचं यंत्र अगदी साधं आहे. या किनाऱ्यावर मोठ्या लाटा बहुतेक वेळा आग्नेयेकडून येतात, म्हणजे किनाऱ्याला सरळ न भिडता तिरक्या येतात. लाट चढताना वाळूचा कण तिरका वर फेकला जातो. पाणी परत फिरतं ते मात्र उतारावरून सरळ खाली. पुढची लाट पुन्हा तिरकी. असा नागमोडी वाटेनं एकेक कण उत्तरेला सरकतो, आणि फुटणाऱ्या लाटांच्या पट्ट्यात तयार होणारा प्रवाह त्याला आणखी पुढे नेतो. न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलंडच्या सीमेवरून वर्षाकाठी सरासरी सुमारे 5 लाख घनमीटर वाळू अशी पार होते. दहा घनमीटरचा एक हायवा धरला तर रोजच्या जवळजवळ 137 खेपा. त्याही ड्रायव्हर, डिझेल आणि टोलनाक्याशिवाय.

ही वाळू आली कुठून? या प्रश्नाचं उत्तर वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसता बसून होतो. वाळूत झिरकॉन नावाच्या खनिजाचे बारीक कण असतात. त्यांच्यात किंचित युरेनियम अडकलेलं असतं, त्याचं ठरलेल्या गतीने शिसं होत जातं, आणि दोन्हींचं प्रमाण मोजलं की कण कधी घडला ते कळतं. इथल्या अनेक झिरकॉनचं वय निघतं 50 ते 70 कोटी वर्षं. त्या वयाचे खडक शोधत मागे गेलं की माग गोंडवन या प्राचीन महाखंडातल्या पर्वतांपर्यंत पोचतो, आणि त्यांतले बरेचसे आज अंटार्क्टिकाच्या बाजूला आहेत. ते पर्वत झिजले, नद्यांनी त्यांचा गाळ सिडनीच्या भागात आणून टाकला, त्याचा हॉक्सबरी वालुकाश्म झाला. पुढे तोही झिजला, वाळू समुद्राला मिळाली आणि लाटांनी तिला उत्तरेची वाट दाखवली. बायरनच्या किनाऱ्यावर अंगाला चिकटलेला कण हा असा प्रवास करून आलेला असतो.

तो सलग चालत मात्र नाही. वारीसारखे त्याचे मुक्काम असतात. एखाद्या भूशिराच्या आडोशाला वाळू साठते, महिनोन् महिने तिथंच राहते आणि मोठं वादळ आलं की वळसा घालून पुढच्या खाडीत उतरते. म्हणून इथल्या माणसाला गेल्या वर्षी पाहिलेला किनारा यंदा अरुंद दिसला तर तो लगेच घाबरत नाही. वाळू गेली आहे, मागची यायची आहे.

या वाटेत माणूस आडवा पडला की काय होतं, हे कूलंगट्टाला पाहावं. ट्वीड नदीच्या मुखातून बोटींना नीट ये-जा करता यावी म्हणून 1960 च्या दशकात मुखाजवळचे दगडी बंधारे समुद्रात आणखी लांबवले. वाळू दक्षिणेला अडकून पडली आणि उत्तरेकडचे किरा, कूलंगट्टा हे किनारे उपाशी राहिले. 1967 च्या वादळांनी उरलंसुरलं ओरबाडून नेलं. शेवटी दोन्ही राज्यांनी मिळून उपाय काढला: दक्षिणेच्या बाजूला समुद्रात एक लांब धक्का उभा केला, त्याखालच्या पंपांनी वाळू शोषायची आणि नळातून नदीच्या तळाखालून पलीकडे सोडायची. 2001 पासून हे चालू आहे. म्हणजे जे काम लाटा फुकट करत होत्या, ते आता वीज जाळून करावं लागतं.

त्यातही गंमत झाली. सुरुवातीला इतकी वाळू आली की कूलंगट्टाजवळच्या स्नॅपर रॉक्सपासून पुढे पाण्याखाली एक लांबलचक उथळ पट्टा तयार झाला आणि सर्फर लोकांना कधी नव्हे एवढी लांब लाट मिळाली. तिचं नाव पडलं सुपरबँक. पण त्याच वाळूनं किराची जगप्रसिद्ध लाट काही वर्षं गाडून टाकली. ज्या गावानं वाळू नाही म्हणून तक्रार केली होती, तिथंच वाळू फार झाली म्हणून कुरकुर सुरू झाली. माझ्या मते दोन्ही तक्रारी रास्त होत्या.

वाळू उत्तरेला जाते, तर किनाऱ्यापासून थोडं आत समुद्र नेमका उलटा वाहतो. कोरल समुद्राचं कोमट पाणी घेऊन ईस्ट ऑस्ट्रेलियन करंट दक्षिणेला उतरतो. बायरन विषुववृत्ताच्या दक्षिणेला साधारण तेवढंच दूर आहे जेवढी दिल्ली उत्तरेला. पण दिल्लीचा उन्हाळा आणि दिल्लीची थंडी, दोन्ही तिथं नाहीत. समुद्र हवेचे दोन्ही टोकांचे हट्ट मोडून काढतो. कॉफ्स हार्बरजवळच्या सॉलिटरी बेटांपाशी तर उष्ण पाण्यातली प्रवाळं आणि थंड पाण्यातलं केल्प शेवाळ एकाच खडकावर नांदतात.

आणि या उलट्या प्रवाहाच्या कडेकडेनं हंपबॅक देवमासे हिवाळ्यात उत्तरेला जातात, पिलं घेऊन वसंतात परततात. 1954 ते 1962 या काळात बायरनमध्येच त्यांची शिकार करून तेल काढण्याचा कारखाना होता. देवमासे जवळपास संपले तेव्हा तो बंद पडला. आज त्याच गावात लोक 1901 च्या दीपगृहापाशी, ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीच्या अतिपूर्व टोकाला, दुर्बिणी घेऊन त्यांची वाट बघतात, आणि देवमासे पुन्हा हजारोंनी येतात. जाता जाता: कॅप्टन कुकनं 1770 मध्ये या टोकाला नाव दिलं ते दर्यावर्दी जॉन बायरनचं. कवी बायरन त्याचा नातू. तरी गावातले रस्ते टेनिसन, कीट्स, बर्न्स अशा कवींच्या नावांचे आहेत. आजोबा बाजूलाच राहिले.

वाळूची वारी पोचते कुठं? नूसाच्याही पुढे, गारी बेटावर. याचं जुनं नाव फ्रेझर आयलंड. 120 किलोमीटरहून लांब असलेलं हे जगातलं सर्वांत मोठं वाळूचं बेट. त्याच्या टेकड्यांवर, चक्क वाळूत, उंच झाडांचं वर्षावन उभं आहे आणि मध्ये पावसाच्या पाण्याची निळी तळी. बेटापलीकडे किनारा पश्चिमेला वळतो, पण वाळू सरळ जात राहते आणि खंडाच्या काठावरून खोल समुद्रात कोसळते. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनानुसार ग्रेट बॅरियर रीफचा दक्षिण आणि मध्य भाग वाढू शकला तो यामुळेच: प्रवाळांना गढूळ, वाळू वाहणारं पाणी सोसत नाही, आणि सुमारे 12 ते 7 लाख वर्षांपूर्वीच्या काळात हे बेट घडलं तेव्हा त्यानं वाळूची ती वाट वळवली.

ब्रिस्बेनला कुणी नातेवाईक असतील तर बायरन तिथून दोनेक तासांवर आहे. डिसेंबर-जानेवारी टाळा, शाळांच्या सुट्ट्यांमुळे गाव तुडुंब असतं. जून ते नोव्हेंबर देवमाशांसाठी उत्तम. जमल्यास वाळूच्याच दिशेनं, दक्षिणेकडून उत्तरेला गाडी न्या. आणि पाण्यात उतराल ते लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच. वाळूला ढकलणाऱ्या याच लाटांचं पाणी परतताना कुठं कुठं अरुंद पट्ट्यातून जोरात आत ओढतं, आणि वरून तिथंच समुद्र सर्वांत शांत दिसतो.