थंडीत करडांची काळजी

नाशिक जिल्ह्यात डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान कधी कधी १० अंश सेल्सिअसच्या खाली जाते. अशा रात्री नुकतेच जन्मलेले करडू ओले राहिले, तर ते गारठून मरू शकते. म्हणून त्याला कोरड्या कापडाने लगेच पुसावे. तासाभरात शेळीचा चीक पाजावा. चिकामुळे ऊब व रोगांशी लढण्याची शक्ती मिळते. २ किलो वजनाच्या करडाला पहिल्या दिवशी सुमारे २०० मिलिलीटर चीक थोडा थोडा करून द्यावा.

गोठ्यात कोरडा पेंढा पसरावा. वाऱ्याच्या बाजूला गोणपाट बांधावे. पण वरची फट उघडी ठेवावी. नाहीतर मूत्राचा उग्र वायू कोंडतो आणि करडे खोकू लागतात.

मुके करडू थंडी वाजते असे सांगू शकत नाही. त्याच्या थरथरण्यावरून आपणच ते ओळखले पाहिजे.