नाण्याची प्रत आणि विक्रेत्याचा शब्द

भिवंडी येथील यंत्रमागांवर विणलेल्या ग्रे कापडाचा तागा व्यापाऱ्याच्या हाती जाण्यापूर्वी तपासला जातो. तुटलेल्या धाग्याची फट, जाड-बारीक सूत, तेलाचा डाग असे दोष पाहून मालाची प्रत ठरते व प्रतीप्रमाणे भाव कमी-अधिक होतो. विणणाऱ्यास आपला माल निर्दोष वाटतो, घेणाऱ्यास त्यात दोष दिसतात आणि वाद होतो. परंतु हा वाद कापड समोर पसरून होतो, ही गोष्ट महत्त्वाची आहे. याच गावातील एखादा संग्राहक जेव्हा छायाचित्र पाहून आणि विक्रेत्याने लिहिलेली प्रत वाचून जुना रुपया मागवितो, तेव्हा त्याच्यापुढे केवळ विक्रेत्याचा शब्द असतो. तो शब्द बहुधा एक-दोन पायऱ्या चढवून उच्चारलेला असतो. अशा विक्रेत्याशी व्यवहार कसा करावा, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. प्रश्न वरवर छंदाचा दिसला, तरी त्यात बाजाराचे अर्थशास्त्र, कराराचा कायदा आणि इतिहासाचे साधन या तिन्हींचा संबंध येतो.

१. बट्ट्याची जुनी शिस्त

नाण्याची प्रत ठरविणे ही कल्पना आपल्याकडे परकी नाही. कल्याण-भिवंडी १६५७ साली शिवाजीमहाराजांच्या ताब्यात आली, त्या काळी आणि पुढेही दीर्घकाळ कोकणच्या बंदरांतून निरनिराळ्या टांकसाळींची नाणी एकाच बाजारात फिरत असत. पेशवाईत अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही असे अनेक रुपये चालत. टांकसाळ, वजन, धातूचा कस आणि झीज यांवरून प्रत्येक रुपयास बट्टा लागे. सरकारी खजिन्यात ही पारख करण्यासाठी पोतदार असे, बाजारात सराफ असे. सराफ या पद्धतीचा गैरफायदा घेत नसत असे नाही. तथापि तिच्यात एक तत्त्व गृहीत धरलेले होते. नाणे देणाऱ्याने सांगितलेली किंमत अंतिम नव्हे. ते तराजूवर आणि कसोटीवर तपासूनच स्वीकारावयाचे.

ब्रिटिश अमदानीत १८३५ च्या कायद्याने १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम, वजनाचा एकसारखा रुपया प्रचारात आला आणि रोजच्या व्यवहारातील बट्टा हळूहळू नाहीसा झाला. झिजेचा विचार मात्र कायद्यात राहिला. पुढे २०११ च्या कायद्याने रद्द झालेल्या १९०६ च्या नाणे कायद्यानुसार, प्रमाण वजनापेक्षा शेकडा दोनहून अधिक घटलेला रुपया कायदेशीर चलन राहत नसे. आजच्या संग्राहकाच्या व्यवहारात बट्टा परत आला आहे. फरक इतकाच की तो ठरविणारा पोतदार उरलेला नसून विकणाराच तो ठरवितो, आणि आपल्या मालास तो बट्टा लावू इच्छीत नाही.

२. प्रत म्हणजे काय मोजणे

संग्राहकांत फाइन, व्हेरी फाइन, एक्स्ट्रीमली फाइन, अनसर्क्युलेटेड अशा पायऱ्या रूढ आहेत. १९४९ साली विल्यम शेल्डन याने अमेरिकेतील जुन्या मोठ्या तांब्याच्या सेंटांसाठी १ ते ७० अंकांची श्रेणी सुचविली. निकृष्टतम नाण्याच्या मूळ किमतीच्या जितके पट किंमत, तितका अंक, अशी तिची मूळ कल्पना होती. किमतींचे हे गणित लवकरच कोलमडले, पण अंक राहिले आणि पुढे सर्व प्रकारच्या नाण्यांना लागू करण्यात आले. १९८० नंतरच्या दशकात त्रयस्थ संस्थांनी नाणे पारखून, अंक देऊन, सीलबंद प्लास्टिकच्या डबीत परत करण्याची पद्धत अमेरिकेत रूढ झाली.

येथे कापडाशी तुलना उपयोगी पडते. कापडाच्या तपासणीची एक सर्वत्र वापरली जाणारी रीत अशी आहे की तीन इंचांपर्यंतच्या दोषास एक गुण, सहा इंचांपर्यंत दोन, नऊ इंचांपर्यंत तीन आणि त्याहून मोठ्या दोषास चार गुण धरावयाचे, व शंभर चौरस यार्डांमागे साधारणतः चाळीस गुणांची मर्यादा ठेवावयाची. दोन तपासनीस एकच तागा मोजतील, तर त्यांची बेरीज बरीच जवळ येईल. नाण्याच्या प्रतीचे तसे नाही. तिच्यात झीज, ओरखडे, मूळ झळाळी, ठशाचा उठाव आणि पाहणाऱ्याची आवड या सर्वांचे मिश्रण एकाच शब्दात किंवा अंकात होते. म्हणून प्रत हे माप नसून मत आहे, आणि हे मत ज्याला विक्रीपासून लाभ होणार आहे त्याचे असते. सर्व विवेचनाचा पाया हाच आहे.

हा गोंधळ कोठे होतो, हे उदाहरणांनी पाहू. पंचम जॉर्जच्या रुपयावर झीज प्रथम मुकुट, भुवई, कान व मिशी या उंच भागांवर दिसते. ठसा मुळातच हलका उमटला असेल, तरीही हेच भाग सपाट दिसतात. हलक्या ठशाच्या भागी धातूचा मूळ पोत शिल्लक असतो. झिजलेल्या भागी तो गुळगुळीत होऊन रंग बदलतो. विक्रेता झिजेला 'ठसा कमी' म्हणतो, तेव्हा तपासावयाचे ते हेच. दुसरी बाब साफसफाईची. आपल्याकडे चांदीचा रुपया रिठ्याने वा रांगोळीने आणि तांब्याची शिवराई चिंचेने घासण्याची घरगुती सवय आहे. घासलेले नाणे चमकते. पण नव्या नाण्याची झळाळी प्रकाशात फिरविल्यास चक्राकार सरकते, घासलेल्याची चमक मात्र जागच्या जागी राहते आणि भिंगाखाली एकाच दिशेचे बारीक ओरखडे दिसतात. तिसरी बाब दागिन्यांची. अनेक रुपये माळेत ओवले गेले. कडी काढून डाख घासला तरी कडेवर त्याचा डाग राहतो.

शिवराईच्या बाबतीत तर यंत्राने पाडलेल्या नाण्यांची श्रेणी लावणेच अयुक्त होय. ती हाताने ठोकलेली, ठसा मध्यभागी न बसलेली, पुष्कळदा एका बाजूची अक्षरे बाहेर गेलेली असते. 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपति' यांतील किती अक्षरे वाचता येतात, वजन किती आणि ठशाचा प्रकार कोणता, एवढे सांगितले म्हणजे पुरे. अशा नाण्यास अनसर्क्युलेटेड म्हणणे हे वर्णन नव्हे, जाहिरात होय.

३. प्रत का फुगते

विक्रेते अप्रामाणिक असतात म्हणून प्रत फुगते, हे उत्तर अपुरे आहे. जॉर्ज अकर्लॉफ याने १९७० साली जुन्या मोटारींचे उदाहरण घेऊन दाखविले की, विकणाऱ्यास मालाचा दर्जा ठाऊक व घेणाऱ्यास अज्ञात असेल, तर घेणारा सरासरी दर्जाचाच भाव देतो. त्यामुळे उत्तम मालाचा धनी बाजारातून निघून जातो आणि सरासरी आणखी खाली येते. नाण्यांच्या बाजारात याचा परिणाम असा की, काटेकोर प्रत सांगणाऱ्यास तोटा होतो. घेणारा 'व्हेरी फाइन' हा शब्द मनातल्या मनात एक पायरी उतरवून वाचतो. तेव्हा प्रामाणिक विक्रेत्यासही तो एक पायरी चढवून लिहावा लागतो.

या अनुमानास प्रयोगाचा आधार आहे. जिन व काटो या संशोधकांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, त्रयस्थाने न पारखलेली बेसबॉलपटूंची चित्रपत्रे इंटरनेटवरून विकत घेऊन ती व्यावसायिक संस्थेकडून पारखून घेतली. उच्च दर्जाचा दावा करणाऱ्यांस काही ग्राहक अधिक भाव देत होते. परंतु त्यांचा माल प्रत्यक्षात अधिक चांगला नव्हता, आणि फसवणुकीचे प्रमाण त्यांच्यातच अधिक होते. नाणी व चित्रपत्रे भिन्न असली, तरी अपारखित मालाविषयीचा मोठा दावा हा स्वतःच सावधगिरीचा संकेत मानावा, हा बोध दोन्हींकडे सारखा आहे.

१९११ चा रुपया हे या संदर्भातील बोलके उदाहरण आहे. राजाच्या झग्यावरील हत्ती डुकरासारखा दिसतो, अशी ओरड झाल्याने हा रुपया मागे घेण्यात आला. सुमारे ९४ लाख नाणी पाडली गेली असता सुमारे ७ लाखच प्रचारात आली, उरलेली वितळविण्यात आली आणि १९१२ पासून आकृती बदलली. दुर्मिळतेची ही कथा खरी आहे. परंतु दुर्मिळता आणि प्रत या दोन भिन्न गोष्टी आहेत. विक्रेता पहिलीची कथा सांगून दुसरीची किंमत वसूल करतो. त्या वर्षाचे झिजलेले नाणे हे झिजलेलेच नाणे होय.

४. पैसे देण्यापूर्वी

वरील विवेचनावरून उपाय स्पष्ट होतो. मताचे रूपांतर पडताळता येण्याजोग्या वर्णनात करून घ्यावयाचे, आणि तेही पैसे देण्यापूर्वी. भिवंडीतील आपल्या कल्पित संग्राहकाने विक्रेत्यास प्रत किती, असे न विचारता पुढील गोष्टी लेखी विचाराव्यात : वजन शतांश ग्रॅमपर्यंत किती, नाणे कधी साफ केले आहे काय, कडेवर डाख, भोक वा घासल्याची खूण आहे काय, कोणत्या भागांवर झीज आहे, तिरप्या प्रकाशात घेतलेली दोन्ही बाजूंची व कडेची छायाचित्रे मिळतील काय, आणि न पटल्यास किती दिवसांत परत घेतले जाईल.

वजनाचा प्रश्न साधा पण प्रभावी आहे. टांकसाळीस थोडी सूट असे हे लक्षात घेऊनही, ११.४० ग्रॅम भरणारा रुपया न वापरलेला आहे असे म्हणता येणार नाही. एके काळी कायद्यानेही त्यास चलनातून बाद ठरविले असते. मात्र वजन पुरे भरले म्हणून प्रत सिद्ध होत नाही, कारण बनावट नाणेही वजनास उतरू शकते.

आणखी एक प्रश्न विक्रेत्याची परीक्षा घेतो. हेच नाणे एका वर्षाने याच प्रतीचे म्हणून आपण परत विकत घ्याल काय? विकताना सैल आणि घेताना कडक, अशी दुहेरी मोजपट्टी वापरणारा विक्रेता येथे अडखळतो. अर्थात् उत्तर नकारार्थी आले म्हणून तो लबाड ठरत नाही. परंतु आपल्याच मतावर तो किती पैसे लावण्यास तयार आहे, हे कळते.

५. नाणे हाती आल्यावर

पुडके उघडतानाच छायाचित्रे घ्यावीत, वजन करावे आणि विक्रेत्याने दिलेल्या वर्णनाशी एकेक बाब ताडून पाहावी. तफावत असल्यास पहिले पत्र आरोपाचे नसावे. अज्ञानी, आशावादी आणि लबाड असे तीन प्रकारचे विक्रेते असतात, आणि पहिल्या दोघांकडून पैसे सहसा एका शांत, तपशीलवार पत्राने परत मिळतात. 'आपण फसविले' असे लिहिण्यापेक्षा 'आपण साफ केलेले नाही असे लिहिले होते. डाव्या बाजूस समांतर ओरखडे आहेत, सोबत छायाचित्र' असे लिहावे.

तेवढ्याने न भागल्यास कायद्याचा आधार आहे. १९३० च्या माल विक्री कायद्याच्या कलम १५ प्रमाणे वर्णनावरून विकलेला माल त्या वर्णनाशी जुळला पाहिजे, आणि कलम ४१ प्रमाणे तपासण्याची वाजवी संधी मिळेपर्यंत घेणाऱ्याने माल स्वीकारला असे मानले जात नाही. चौथ्या विभागातील प्रश्नांचे महत्त्व येथे कळते. 'सुंदर नाणे' हे मत आहे. 'साफ न केलेले, ११.६४ ग्रॅम' हे वर्णन आहे. १८७२ च्या करार कायद्याचे कलम १९ फसवणुकीने वा अपवर्णनाने झालेला करार टाळण्याचा हक्क देते. परंतु अपवर्णन झालेले असताना सामान्य काळजीने सत्य कळणे शक्य होते, तर तो हक्क उरत नाही. जाणकार संग्राहकाने हा अपवाद विशेष ध्यानात ठेवावा.

इंटरनेटवरील विक्रीस २०२० चे ई-कॉमर्स नियम लागू होतात. जाहिरातीप्रमाणे नसलेला माल परत घेण्याचे विक्रेत्यास नाकारता येत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये तक्रारदार जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. म्हणजे भिवंडीच्या रहिवाशास विक्रेत्याच्या गावी न जाता ठाणे जिल्ह्यातच तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची आहे. मात्र पुनर्विक्रीसाठी खरेदी करणारा या कायद्याच्या व्याख्येत ग्राहक ठरत नाही.

परदेशी संस्थेकडून पारख करून घेण्याचा मार्ग जुन्या नाण्यांना बंद आहे. १९७२ च्या पुराणवस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे ही पुराणवस्तू होय आणि खाजगी व्यक्तीस तिची निर्यात करता येत नाही. १९११ चा रुपया आता या व्याख्येत येतो. म्हणून आपल्याकडे स्वतःचा डोळा आणि लेखी वर्णन यांना दुसरा पर्याय फारसा नाही.

६. अभ्यासकाचा तोटा

फुगविलेल्या प्रतीने संग्राहकाचे पैसे जातात. अभ्यासकाचे त्याहून अधिक जाते. झीज हा नाण्याचा दोष नसून पुरावा आहे. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी येथे सापडलेल्या साठ्यात नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी होती, आणि त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटविला होता. नव्या ठशाखाली जुना ठसा दिसतो म्हणूनच एका सत्तेचा अंत आणि दुसरीचा उदय त्या धातूवर वाचता येतो. कोणी ती नाणी चमकविण्यासाठी घासली असती, तर संग्राहकाची प्रत चढली असती आणि इतिहासाचा कागद कोरा झाला असता.

प्रत फुगविणारा बाजार नाण्यास घासण्याचे बक्षीस देतो, ही त्याची खरी हानी आहे. खाजगी संग्रह पुढे विद्यापीठांच्या व वस्तुसंग्रहालयांच्या स्वाधीन होतात, तेव्हा विक्रेत्याचे विशेषण सूचिपत्रात उतरते आणि पुढील अभ्यासक ते तथ्य समजून वापरतो. म्हणून सूचिपत्रात प्रतीचा शब्द न लिहिता वजन, अक्षरे, झिजेची स्थळे आणि साफसफाईच्या खुणा नोंदवाव्यात, अशी या लेखाची शिफारस आहे. संग्राहक विक्रेत्याकडून जे मागतो तेच अभ्यासकाने स्वतःकडून मागावे. पोतदाराचे काम शेवटी हेच होते : शब्द बाजूला ठेवून नाणे तराजूत घालणे.