कंबर दुखते, म्हणून ऑपरेशनच करायचं का?

कंबर कसून कामाला लागावं, हे आपल्याला लहानपणापासून शिकवतात. तीच कंबर दुखायला लागली तर काय करावं, हे मात्र कुणी सांगत नाही. मग बाम चोळायचा, गरम पाण्याच्या पिशवीनं शेकायचं, शेजारणीनं सांगितलेला पट्टा बांधायचा आणि पुन्हा ओट्यापाशी उभं राहायचं! "बायकांच्या जातीला हे चालायचंच," असं म्हणता म्हणता वर्षं निघून जातात. आणि एक दिवस डॉक्टर म्हणतात, "मणक्याचं ऑपरेशन करावं लागेल." सारं घर हादरतं.

मैत्रिणींनो, घाबरण्याआधी हे दुखणं नीट समजून घेऊ या.

दुखतं ते नेमकं काय?

कमरेत पाच मणके असतात. दोन मणक्यांच्या मध्ये एक चकती असते, बाहेरून चिवट आणि आतून मऊ. भार झेलणारी गादीच म्हणा ना! तिचं आवरण फाटून आतला गर बाहेर आला आणि जवळच्या नसेवर दाब पडला, की कळ कुल्ल्यातून मांडीमागून पोटरीत, पार पावलापर्यंत उतरते. हीच सायटिका. आयुर्वेदात हिला गृध्रसी म्हणतात. बहुतेकींचा दोष असतो तो सर्वांत खालच्या दोन चकत्यांत. पण प्रत्येक कंबरदुखी म्हणजे चकती सरकणं नव्हे. पुष्कळदा स्नायूच आखडलेले असतात.

रिपोर्ट वाचून धीर सोडू नका

एमआरआयच्या रिपोर्टात 'चकती झिजली आहे' असं वाचलं की पोटात गोळा येतो. पण कंबर मुळीच दुखत नसलेल्या तीन हजारांवर माणसांच्या तपासण्यांचा आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्के लोकांच्या चकत्या झिजलेल्या निघाल्या! केस पिकतात तसंच हे. म्हणून फोटोत दिसणारा दोष आणि प्रत्यक्षात पायात उतरणारी कळ यांचा मेळ बसतो का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

तसंच पडून राहण्याचं. फिनलंडमधल्या हेलसिंकी शहरात १९९५ साली कंबर नुकतीच धरलेल्या नोकरदारांवर एक पाहणी झाली. दोन दिवस अंथरूण धरणाऱ्यांपेक्षा झेपेल तेवढी रोजची कामं करणारे लवकर बरे झाले.

ऑपरेशन केव्हा?

लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, शौचावरचा ताबा गेला, जांघेत आणि बसायच्या जागी बधिरपणा आला, तर ती रात्रही घरी काढू नका. लगेच मोठं इस्पितळ गाठा. पाऊल उचलेनासं झालं, चालताना चप्पल पायातून निसटू लागली, तरी डॉक्टरांकडे त्याच दिवशी जा.

एरवी मात्र विचाराला वेळ असतो. सायटिका पुष्कळदा सहा ते बारा आठवड्यांत औषधांनी आणि व्यायामानं उतरते. त्यानंतरही तीव्र कळ टिकून असलेल्या २८३ रुग्णांवर हॉलंडमध्ये अभ्यास झाला. तो २००७ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना लवकर ऑपरेशन सुचवलं, निम्म्यांना थांबवलं. ऑपरेशनवाल्यांची कळ लवकर थांबली. पण वर्षअखेर दोन्हीकडचे ९५ टक्के लोक बरे होते. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना मात्र त्या वर्षात ऑपरेशन करावंच लागलं.

म्हणजे प्रश्न उरतो तो, 'किती दिवस सोसायचं?' आणि त्याचं उत्तर जिची कंबर तिनंच द्यायचं. आपल्याकडे होतं काय, की "दिवाळी होऊ दे, मुलीची बारावी होऊ दे, सासूबाईंचं मोतीबिंदू आधी होऊ दे," असं करत बाई स्वतःचा नंबर शेवटी लावते. तर कुठे घरच्यांच्या घाईपायी नको असताना टेबलावर चढते. दोन्ही चूकच.

हे विचाराच

नुसती चकतीची गाठ काढणार, की स्क्रू घालून मणके जोडणार? दुसरं मोठं आहे, तेव्हा त्यासाठी आणखी एका सर्जनचं मत घ्या. कशात उतार पडेल? पायाची कळ बहुधा चांगली थांबते, कमरेच्या दुखण्याची तेवढी खात्री नसते. धोके कोणते? एकूण खर्च किती?

घरची तयारी

चकतीच्या ऑपरेशननंतर बहुधा दुसऱ्याच दिवशी चालवतात. पण वाकणं, वजन उचलणं आणि फार वेळ बसणं काही आठवडे बंद. म्हणून आधीच रोजचे डबे कमरेच्या उंचीवर आणून ठेवा. लांब दांड्याचा झाडू घ्या. जमिनीवरचं अंथरूण पलंगावर न्या. संडास भारतीय पद्धतीचा असेल, तर वर ठेवायची खुर्ची मिळते, ती आणून ठेवा. कुशीवर झोपताना गुडघ्यांमध्ये उशी घ्या.

भरलेली बादली, गॅसचं सिलिंडर आणि कडेवर येऊ पाहणारं नातवंड, या तिन्हींना सध्या नकार द्यायचा. घरात कोणी ना कोणी असतंच. हाक मारा आणि उचलायला सांगा!