घोडनदीपलीकडचा कर्णधार : अस्लम इनामदार

शिरूर-दौंडच्या कबड्डीप्रेमींनो, आपल्याकडे कबड्डीपटूंना व्यावसायिक कारकिर्दीचा मार्ग 2014 मध्ये प्रो कबड्डीने खुला केला. त्या मार्गावरचं माझं सर्वांत आवडतं नाव म्हणजे अस्लम इनामदार. गाव टाकळीभान, म्हणजे शिरूरहून घोडनदी ओलांडली की लागणाऱ्या नगर जिल्ह्यातलं.

आठव्या हंगामात तो पुणेरी पलटणकडून उतरला. नवव्यात संघ अंतिम फेरीत जयपूरकडून 29-33 असा हरला. मग ऑक्टोबर 2023 मध्ये हांगझोऊ आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघात अस्लम होता, आणि 1 मार्च 2024 ला हैदराबादमध्ये त्याच्या नेतृत्वाखाली पलटणने हरयाणा स्टीलर्सला 28-25 असं हरवून पहिलं विजेतेपद मिळवलं. हंगामाचा सर्वांत मौल्यवान खेळाडूही तोच!

त्याचं मोठेपण मला चढाईइतकंच पकडीत दिसतं. चढाईपटू बहुधा बचावात मागे राहतात. हा मात्र पकडीलाही तितक्याच जोमाने झेपावतो. गावच्या मैदानावर सराव करणाऱ्या पोरांनो, त्याचे सामने पाहताना चढाई संपल्यावरही नजर त्याच्यावरच ठेवा.